मिरगाचा शाफ्ट

आमच्याकडं मिरगाच्या आधी चार कामं ठरलेली असायची. घराची कौलं चाळायची, वाळलेला लाकूडफाटा सोप्यात रचायचा, माळ्यावरची इरली खाली काढून त्यांची भोकं बुजवायची, आणि जीपला पुढचा शाफ्ट चढवायचा. पहिली तीन कामं आजरा-आंबोली पट्ट्यात घरोघरी चालायची. चौथं फक्त आमच्या घरी. त्यामुळं सात जूनच्या अलीकडं-पलीकडं आबा अंगणात जीपखाली उताणे झाले, की सुट्टीतली सगळी पोरं भोवती उकिडवी बसायची.

शाफ्ट म्हणजे जेमतेम दोन फुटांचा लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना क्रॉस. गाडीच्या पोटातल्या पेटीतून पुढच्या आसाकडं ताकद नेणारा. तो नसला तर जीप मागच्या दोन चाकांवर चालते. तो असला आणि आतला बुटका दांडा ओढला, तर चारही चाकं जमीन धरतात. बाकीच्यांच्या जीपला तो बारमाही खालीच असायचा. पुढं डिझेलचा हिशेब करणाऱ्यांनी तो कायमचा काढून भंगारात घातला. आबांनी मधला रस्ता काढला होता. दसऱ्याला शाफ्ट उतरवायचा, रॉकेलनं धुवायचा, ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळायचा आणि इरल्यांच्या शेजारी माळ्यावर ठेवायचा. मिरगाला परत चढवायचा.

गडहिंग्लजचे मेस्त्री यावर हसायचे. "आबा, पुढची चाकं फिरली की आतलं डिफरन्शियल फिरणारच. एक शाफ्ट काढून असं किती पेट्रोल वाचणार?"

आबांचं उत्तर ठरलेलं. "काम नसलं की बैल गोठ्यात बसतो न्हवं? मग ह्यो उन्हाळाभर कशाला फिरतोय?"

पेट्रोल किती वाचत होतं देव जाणे. क्रॉसची झीज थांबत असावी, एवढं मेस्त्रीही मान्य करायचे. मला आता वाटतं, आबांना वाचवायचं काही नव्हतंच. फोर-व्हील ही त्यांच्या लेखी इरल्यासारखी, घोंगड्यासारखी मोसमाची वस्तू होती. उन्हाळ्यात इरलं घेऊन फिरणाऱ्याला लोक काय म्हणतील?

जीप १९७९ साली आली. लष्कराच्या लिलावात सुटलेली, पुण्याहून कुणीतरी कोल्हापूरला आणलेली आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये दोन महिने उघडी पडलेली. ठरली अठरा हजारांना. काजू आणि गूळ एकाच वर्षी चांगले लागले होते, असा योग परत आमच्या घरात आला नाही. अंगावरचा हिरवा रंग उडाला की खालून आणखी एक हिरवा निघायचा. अमेरिकेतल्या विलीजनं दुसऱ्या महायुद्धासाठी बनवलेल्या गाडीची ही पुढची पिढी. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि मग ती सैन्यात, वनखात्यात, धरणांवर, साखर कारखान्यांवर सगळीकडं गेली. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा बीडीओच्या बुडाखालीही तीच होती. आमच्या भागात तर जीप दिसली की लोक आधी साहेब कोण ते बघायचे. आबा उतरले की त्यांचा हिरमोड व्हायचा.

उद्यमनगरात आबांच्या पुढ्यात दुसरीही गाडी होती, जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात निस्सानच्या परवान्यानं बनलेली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेम्ब्ली या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. सहा सिलिंडर, चार लिटरचं पेट्रोल इंजिन. आबांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "ही गाडी न्हवं, सासुरवाडीला सांभाळायचा जावई हाय." आमची निवड तिथं संपली. एवढीच. कसला कॅटलॉग नाही, कुणाला विचारणं नाही. दोन गाड्या उभ्या होत्या, त्यांतली जी पोसवेल ती घेतली.

कागदोपत्री तिच्या जातीच्या गाड्या पाव टनाच्या. म्हणजे सरकारी हिशेबानं अडीचशे किलो ओझं. आमच्या जीपनं काय काय वाहिलं ते त्या हिशेब करणाऱ्याला दाखवायला हवं होतं. मागच्या दोन बाकड्यांवर आठ, मध्ये उकिडवे चार, पुढं आबांच्या शेजारी तीन, आणि पाठीमागच्या फळीवर उभा असलेला एक, ज्याला उतरून ढकलायची जबाबदारी असायची. लग्नसराईत याला वऱ्हाड म्हणायचे. सुगीत याच जागी घनसाळ भाताची पोती. मागं ट्रेलर जोडला की काजूच्या बिया.

सुरू करणं हा वेगळा कार्यक्रम. थंडीत बॅटरी हात वर करायची, मग हँडल. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही, हे मला अ-आ-ई शिकण्याच्या वयात शिकवलं गेलं. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि अंगठा सांध्यातून जातो. तीन गिअर, त्यांतला पहिला गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय पडायचा नाही. घाई केली तर अशी किंकाळी उठायची की कोंबड्या परड्यात पळायच्या. उन्हाळ्यात घाट चढताना पेट्रोल तापून नळीतच वाफ व्हायची आणि इंजिन मुकं व्हायचं. त्या काळच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांचं ते दुखणं. मग पंपावर ओलं फडकं टाकून आम्ही करवंदं शोधायला जायचो. एकही प्रवास किती वेळाचा हे आधी सांगता यायचं नाही, आणि कुणी विचारायचंही नाही.

गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे होते. एक पुढची चाकं जोडायला. दुसरा ‘लो’मध्ये टाकायला, म्हणजे चाकं जवळजवळ अडीचपट सावकाश फिरणार आणि जोर तेवढाच वाढणार. गंमत अशी की पहिला ओढल्याशिवाय दुसरा हलायचाच नाही. सगळी ताकद एकट्या मागच्या आसावर पडून तो तुटू नये, म्हणून आतच अडसर ठेवलेला. मला या दोन दांड्यांना हात लावायची परवानगी नव्हती. कोरड्या रस्त्यावर चारही चाकं जोडून का चालवायचं नाही, हे मी आठवीत असताना आबांना विचारलं. त्यांनी खळ्याकडं बोट केलं. मळणी चालू होती. तिवड्याभोवती बैल फिरत होते.

"तिवड्याजवळचा बैल बघ आणि कडेचा बघ. कोण जास्त चालतोय?"

"कडेचा."

"गाडी वळली की पुढची चाकं कडेची बैलं हुतात, मागची तिवड्याकडची. आणि आतनं दोन्ही एकाच दांड्याला बांधलेली. मग एकानं घसरायला पायजे का नको? चिखलात घसरतंय. डांबरावर घसरत न्हाई, मग आत पीळ पडतोय."

पुढं अभियांत्रिकीच्या पुस्तकात मी हे प्रकरण आकृत्यांसकट वाचलं. आबांपेक्षा त्यात जास्त काही नव्हतं, फक्त बैल नव्हते.

पावसाळ्यात आमच्या आणि पलीकडच्या वाडीच्या मध्ये एक ओढा आडवा यायचा. मोठा नाही, हिरण्यकेशीला मिळणाऱ्या पन्नास ओढ्यांतला एक. आठ महिने त्यात गुडघाभर पाणीसुद्धा नसायचं. आषाढात मात्र वाडी पलीकडं आणि जग अलीकडं. १९८३च्या आषाढात एका रात्री वाडीतली दोन माणसं कंदील घेऊन दारात आली. बाळंतीण अडली होती. ती दोघं पोहून आली होती, हे त्यांच्या अंगावरून कळत होतं. एकाच्या हातात तर चपलाही होत्या, त्या त्यानं कशा सांभाळल्या कोण जाणे.

आबांनी घाई केली नाही, हे मला आजही दिसतं. ओढ्याच्या काठावर जीप उभी केली, धोतर खोचलं आणि हातात काठी घेऊन आधी स्वतः पाण्यात उतरले. तळाला वाळू आहे की गोटे, मधोमध डबरं कुठं पडलंय, धार कुठं ओढते. कमरेपर्यंत पाण्यात जाऊन आले. मग बॉनेट उघडून पंख्याचा पट्टा सैल केला. पंखा फिरत राहिला तर पाणी उडवून प्लगवर मारतो आणि मधोमध गाडी बंद पडते. जाळीवर पुढून गोणपाट बांधलं. मला टॉर्च धरून काठावर उभं केलं, पलीकडच्या आंब्याच्या बुंध्यावर झोत ठेवायला सांगितलं. आणि मग दोन्ही बुटके दांडे ओढून, चालणाऱ्या म्हशीपेक्षा हळू, एकदाही क्लचवर पाय न ठेवता ते पलीकडं गेले. येताना पाणी आणखी चढलं होतं. आतल्या बाईच्या ओरडण्यापेक्षा मला इंजिनच्या आवाजाची जास्त काळजी होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

गडहिंग्लजला पहाटे मुलगी झाली. ती आता पुण्यात असते, मुलांना घेऊन दिवाळीला येते. तिच्या गाडीला सनरूफ आहे. माझ्या गाडीला नाही याचं तिला वाईट वाटतं.

दोन चाकांवर जायचं, चारांवर परत यायचं, हा आबांचा नियम. म्हणजे जाताना दोन चाकांवर जिथं गाडी अडेल तिथं थांबायचं आणि विचार करायचा. फोर-व्हील ही परत फिरण्यासाठी राखलेली शिल्लक. आधीच चारही चाकांवर आत शिरलात, तर अडकाल तेव्हा हातात काहीच उरलेलं नसेल. ओढ्याच्या रात्री हा नियम त्यांनी मोडला होता. आयुष्यात दोन-तीनदाच मोडला असेल.

१९९६च्या चैत्रात जीप विकली. पेट्रोल परवडेना, आबांचे गुडघे क्लचला साथ देईनात, आणि मी नोकरीला गडहिंग्लजला. घेणारा वडापवाला होता. तिच्यात उद्यमनगरात डिझेल इंजिन बसवून तो ती संकेश्वर मार्गावर लावणार होता. चैत्र असल्यानं शाफ्ट अर्थातच माळ्यावर. आबांनी तो खाली काढायला मला शिडी आणायला सांगितलं, तर वडापवाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे आबा, कशाला डिझेल खायला? मला काय ओढ्यातनं पाशिंजर न्यायचं हाय?" आबा काही बोलले नाहीत. शाफ्ट राहिला, जीप गेली. दोन वर्षांनी ती मला संकेश्वरला दिसली. वर कॅरिअर, आत बावीस माणसं, पाठीमागं ‘आईचा आशीर्वाद’. मी हात केला. तिनं थांबून मला तिकिटाचे दोन रुपये सांगितले.

मधल्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, मग तिच्या मागोमाग आणखी योजना. ओढ्यावर पूल झाला. वाडीपर्यंत डांबर गेलं. २०१४पासून १०८ नंबर लावला की रुग्णवाहिका यायला लागली. आमच्या कोपऱ्यात फोनला रेंज मिळाली तर. मी स्कूटर वापरली, मग एक छोटी कार, मग दुसरी. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीची आठवणही येत नव्हती, कारण तिची गरज लागेल असा रस्ताच उरला नव्हता.

२०२२ला नोकरी आटोपून मी गावी परत आलो, आणि कळलं की रस्ता घरापर्यंत आलाय, शेतापर्यंत नाही. घनसाळाची खाचरं खाली, काजू वर डोंगराला, मध्ये लाल मातीची पांदण. जुलैत त्या पांदणीत पायी गेलं तरी चप्पल परत येत नाही. बैल गेले, त्यांच्या जागी पॉवर टिलर आला. पण टिलर काही स्वतः डोंगर चढत नाही, त्याला न्यायला कुणीतरी लागतं. त्यात गेली वीसेक वर्षं आमच्या आजरा-चंदगड भागात हत्ती आहेत. सध्या एकटा टस्कर फिरतो. रात्री शेतावर पायी किंवा दुचाकीवर जायची कुणाची हिंमत होत नाही. फोर-व्हील पिकअप घ्यायची असं मी जाहीर केलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, "टस्करासाठी?" दुसरा, "एवढ्या पैशांत ट्रॅक्टर नाही का येत?" दोन्ही प्रश्न रास्त होते.

आबांची निवड एका दुपारची, दोन गाड्यांची. माझी आठ महिने चालली. त्यात व्हिडिओ बघणं किती आणि खरा विचार किती हे विचारू नका. आपल्याकडं पिकअप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दूध-भाजीची, टपावर ताडपत्री बांधलेली गाडी येते; फोर-व्हील पिकअप अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बोलेरो कॅम्पर फोर-व्हीलमध्ये मिळते. डबल केबिन, टनाचं ओझं, मागं पाटे, आणि काहीही तुटलं तरी आजऱ्यात सुटा भाग मिळण्याची खात्री. स्कॉर्पिओ गेटअवे २००७ला आली होती, टाटा झेनॉन २००९ला; दोन्ही आता जुन्या बाजारातच. बेळगावला एक गेटअवे फार मनात भरली, पण कर्नाटकाचा नंबर इकडं आणायचा म्हणजे एनओसी, परत रोड टॅक्स आणि हेलपाटे. सीमेवरच्या माणसाला गाडीपेक्षा सीमा जड जाते. मग इसुझूची व्ही-क्रॉस, २०१६ला आलेली, आंध्रातल्या श्रीसिटीत बनणारी. आणि टोयोटाची हायलक्स, २०२२ची, जगभर वाळवंटांतून नाव कमावून आलेली. सातशे मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. सातशे मिलिमीटर म्हणजे आबांची मांडी. किंमत मात्र आबांच्या डोक्यावरून जाणारी.

दरम्यान आणखी एक पेच होता, पाटीच्या रंगाचा. पिवळी पाटी घेतली तर ठरावीक मुदतीनं पासिंग, वेगळा विमा. डबल केबिनच्या काही गाड्यांना खासगी पांढरी पाटी मिळते, पण मग भाड्याचा माल वाहायचा नाही. माझ्याकडं भाड्याचा माल नव्हता, तरी आठवडाभर मी या दोन रंगांत अडकलो. आबांच्या जीपला पाटी होती का, हेसुद्धा मला आठवत नाही. असणारच. काळी असावी.

शेवटी मी अंगणात टेप लावला. आबांच्या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ऐंशी इंच, म्हणजे दोन मीटरला थोडं जास्त. अख्खी जीप सव्वातीन मीटरच्या आसपास. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही पावणेसहा हातांच्या नव्हे, पावणेसहा मीटरच्या जवळ जाणाऱ्या वाटतात. प्रत्यक्षात सव्वापाच मीटरच्या थोड्या वर आहेत. आमची गल्ली बैलगाडीच्या मापाची. शेजारच्या तात्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. ते म्हणाले, "गाडी आत येईल. दार उघडायचं असेल तर मागं परड्यात जाऊन उघड."

तरीही मोठीच घेतली, वापरलेली, चार वर्षांची. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढं तिच्याविषयी थोडं तक्रारीचं बोलायचं आहे.

सुख आधी सांगतो. एसी आहे, आणि पावसात काच न पुसता बाहेर दिसतं, याची किंमत जीपमध्ये ताडपत्रीची झडप गुडघ्यानं धरून बसलेल्यालाच कळेल. आंबोलीच्या धुक्यात, संकेश्वर-बांदा महामार्गावर, ती अशी चालते की बाजूला बसलेली माणसं झोपतात. जीपमध्ये कुणी कधी झोपलं नाही. मागचा हौदा उघडा असल्यानं गल्लीचा तो सामाईक झाला आहे. कुणाचा फ्रिज, कुणाचं कपाट, लग्नाची भांडी. भाद्रपदात गणपती आणायला तर नंबर लागतात. गेल्या वर्षी एका खेपेत सहा मूर्ती, प्रत्येकीला धरून एक मालक, आणि सगळे मला "हळू, हळू" म्हणणारे. एवढ्या हळू मी पांदणीतसुद्धा चालवत नाही.

तक्रारी. डॅशबोर्डवर एक दिवा लागतो. कशाचा ते गाडीला माहीत असतं, मला नाही. गॅरेजवाला बॉनेट उघडत नाही, आधी लॅपटॉप जोडतो. आबा जीपखाली सुताचे पाने घेऊन जायचे, तीन-चार पाने आणि एक हातोडा एवढ्यावर पाऊण गाडी उतरवायचे. माझ्याकडं मिलिमीटरच्या पान्यांची चकचकीत पेटी आहे. तिच्यातला एकच पाना वापरलाय, तोही नळासाठी. आणि धुराच्या गाळणीचं प्रकरण तर मला अजून पचलेलं नाही. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी गल्लीत, शेतावर, जवळपासच हळूहळू फिरत राहिली, तर ती गाळणी तुंबते. मग ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ एका वेगात पळवावी लागते. म्हणजे चिखलात जायला घेतलेली गाडी मी पंधरा दिवसांतून एकदा महामार्गावर फिरवून आणतो. शर्यतीच्या बैलाला नेतात तशी. वाटेत कुणी विचारलं, कुठं निघाला? तर सांगायचं काय?

फोर-व्हीलसाठी आता बुटका दांडा नाही. एक गोल खटका आहे. फिरवला की काट्यांच्या मधोमध छोट्या गाडीचं चित्र लुकलुकतं, मग स्थिर होतं. झालं. ‘लो’साठी तेवढं थांबून न्यूट्रल करावं लागतं. शाफ्ट खाली बारा महिने फिरतो, आणि मी त्याला अजून हातही लावलेला नाही.

पहिल्याच जुलैत मी रुतलो. सकाळी घराच्या फाटकातच खटका फिरवला होता, उगाच. हौद्यात पॉवर टिलर. पांदण संपून खाचराच्या बांधाकडं वळताना गाडी जरा डुलली, मी जोर दिला, चाकांनी चारही बाजूंनी चिखल उडवला आणि गाडी शांतपणे आसापर्यंत खाली बसली. पुढचं एक चाक आणि मागचं एक नुसतं गरगरत होतं. चार चाकांची ताकद असली तरी साध्या डिफरन्शियलमधून ती सैल चाकाकडंच पळते, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असण्याचा उपयोग झाला नाही. लावणीला आलेल्या बायकांनी कामं थांबवली. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं माझ्याकडं बघून, मला न बोलता शेजारणीला सांगितलं, "आबांची जीप हितनंच वर जायची."

जीप टनभर होती, ही दोन टन, शिवाय मागं टिलर. हे त्यांना समजावून सांगायची वेळ ती नव्हती. महामार्गाच्या कामावरचा जेसीबी यायला तीन तास लागले, टोचन लावून ओढायला तीन मिनिटं. त्या तीन तासांत मी बांधावर बसून होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी गाडीतून उतरून एकदाही पुढं चालत जाऊन बघितलं नव्हतं. खाली उतरावं असं गाडीनं मला वाटूच दिलं नव्हतं. बाहेरचा पाऊस, चिखल, घसरण, सगळं काचेपलीकडं होतं. आबांच्या जीपला दारं नव्हती. उतरायला निमित्त लागायचं नाही.

आता मी काठी ठेवतो गाडीत. खरोखरची, आईची जुनी. खटका फिरवण्याआधी एकदा उतरून चालून येतो. वर्षातून खटका लागतो तो पंधरा-वीस दिवस, जूनअखेर ते ऑगस्ट. बाकीचे साडेअकरा महिने तो पुढचा आस, तो शाफ्ट, ती पेटी, एवढं लोखंड घेऊन मी दूध आणायला जातो.

गेल्या खंडेनवमीला पिकअप धुतली. धुवायला दीड तास गेला, जीप दहा बादल्यांत व्हायची. चारही चाकांखाली लिंबं, पुढं झेंडूचा हार. हार लांबीला कमी पडला, परत दोन पाव झेंडू आणावे लागले. ओट्यावर आईनं कोयते, विळे, कुदळ, टिलरचा पाना असं सगळं मांडलं होतं. मधोमध गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं ते उचललं आणि वजनानं चकित झाला.

"बाबा, हे कशाचं?"

मी सांगेपर्यंत आईनंच ते त्याच्या हातातून घेतलं. तिचं वय आता अठ्ठ्याऐंशी. कुठलं वर्ष चालू आहे याची तिला नेहमीच खात्री नसते. गोणपाट सोडलं, आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. तिनं क्रॉस बोटांनी हलवून बघितला, आबा बघायचे तसा. मग हळदकुंकू लावलं, एक झेंडूचं फूल त्यावर ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"धुऊन, नवं ग्रीस लावून ठेव. मिरगाला लागतोय."

मी रॉकेल शोधलं, मिळालं नाही. डिझेलनं धुतला.